कपाट क्रमांक सात: जुन्या संगणक खेळांच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

देणगी आली. ठाण्याच्या नौपाड्यातला एक संगणक क्लास कधीचाच बंद पडला होता. मागच्या खोलीत त्यांचा सायबर कॅफेही चालायचा. मालकांच्या मुलीने आता घर आवरायला काढलं, तेव्हा पोटमाळ्यावरची खोकी भंगारवाल्याऐवजी आमच्या वाचनालयाला दिली. सीडी, फ्लॉपी, काही खेळांचे मूळ पुठ्ठ्याचे डबे, एक विंडोज ९८ चा संगणक (मागे परवान्याचं स्टिकर शाबूत) आणि एक जाडजूड मॉनिटर. मॉनिटर दोघांना उचलावा लागला.

कार्यकारी मंडळाला वाटलं होतं की पुस्तकं येतील. ग्रंथपाल काकूंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "दाखलनोंद वहीत हे कशात टाकायचं?" तो प्रश्न अजून लोंबकळतोय. तूर्त कपाट क्रमांक सात रिकामं करून दिलं आहे. दर रविवारी मी बसणार, मदतीला भाचा. तो बारावीत आहे, त्यामुळे त्याच्या आईला हा प्रकल्प 'अभ्यासाचा' म्हणून सांगितला आहे.

काम ठरलं ते असं: काय आहे याची यादी करायची, चालतंय का ते पाहायचं आणि वाचकांना ते इथे बसून वापरता येईल का हे कायद्याच्या अंगाने तपासायचं. शेवटचं सगळ्यात किचकट निघणार हे दिसतंच आहे.

८ जून

पहिली वर्गवारी खऱ्या-खोट्याची. खालची बाजू जांभळट किंवा हिरवट असेल तर ती घरी जाळलेली सीडी, हे भाच्याला पाच मिनिटांत कळलं. चंदेरी सीडींना मात्र भिंग लागतं. मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर आयएफपीआय (ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) ही अक्षरं आणि बारीक सांकेतिक क्रमांक असतो. १९९४ पासून छापखान्यांनी तो घालायला सुरुवात केली. चंदेरी आहे, कव्हर रंगीत आहे, पण आत क्रमांक नाही अशाही काही निघाल्या. स्टेशनाबाहेर चादर अंथरून विकायचे त्या पातळीपेक्षा ही वरची चोरी, मशीनवर छापलेली.

'एका सीडीत १०० खेळ' हा प्रकार तर ढिगाने. त्यावर मार्करने लिहिलेली नावं वाचताना माझंच लक्ष उडत होतं. डेंजरस डेव्ह, रोड रॅश, नीड फॉर स्पीड २. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये सर बाहेर गेले की डेव्ह सुरू व्हायचा. तो जॉन रोमेरोने लिहिला आणि सॉफ्टडिस्कने प्रसिद्ध केला हे कळायला मला तिशी उलटावी लागली. त्या वयात खेळाला लेखक असतो असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

चोरट्या सीडी दाखल करायच्या नाहीत, हे काकूंनी चर्चेविना ठरवलं आणि ते बरोबरच आहे. खोटी प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर चालवणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ते खोकं बांधून देणगीदार बाईंकडे परत. पण एक गोष्ट यादीत न लिहिता इथे लिहितो: परत गेलेल्या खोक्यातले निम्म्याहून जास्त खेळ आमच्या खऱ्या डब्यांमध्ये नाहीत आणि बाजारातही नाहीत. या शहरात तरी चोरांनीच ते टिकवले.

१५ जून

आजचा दिवस फ्लॉपींचा. डब्यांमध्ये एक प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ डबा आहे, विंडोजआधीच्या डॉस प्रणालीसाठीचा. देणगीदार बाईंच्या काकांनी अमेरिकेहून पाठवलेला. पुठ्ठा फुगलाय, पुस्तिकेच्या पिना गंजून कागदावर तपकिरी ओघळ आलेत, पण पानं सगळी आहेत.

फ्लॉपीवरचं पत्र्याचं झाकण सरकवलं तर आतल्या काळ्या चकतीवर पांढरे ठिपके. बुरशी. ठाण्याचे पावसाळे पोटमाळ्यावर काढले की दुसरं काय होणार. अशी फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते. म्हणून आधी सफाई: झाकण बोटाने मागे धरायचं, मागच्या धातूच्या चकतीने फ्लॉपी थोडी थोडी फिरवायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हलकं पुसत जायचं. दाब दिला की लेपच निघतो. भाच्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. पुढच्या सगळ्या त्याच्याकडे.

तीन वेळा वाचून तिन्ही प्रतिमांची (म्हणजे फ्लॉपीच्या हुबेहूब फाइल-नकलांची) चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळली तरच 'वाचली' असं लिहायचं, हा नियम केला. प्रिन्सच्या फ्लॉपी वाचल्या.

भाचा म्हणाला, "मामा, कंपनीकडेच चांगली प्रत असेल ना?" त्याला सांगितलं की हा खेळ १९८९ चा आणि तो लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरकडे त्याचा मूळ सोर्स कोडसुद्धा (प्रोग्रामचा हाताने लिहिलेला मजकूर) सापडत नव्हता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या ॲपल टू संगणकाच्या फ्लॉपींचं खोकं मिळालं, जाणकारांनी बसून त्या वाचल्या, मग त्याने तो कोड लोकांना पाहायला नेटवर ठेवला. ठेवताना हेही बजावलं की यातून खेळाचे हक्क कुणाला मिळत नाहीत. प्रिन्स हे नाव आज युबिसॉफ्ट या खेळ-कंपनीच्या मालिकेचं आहे. लेखकाचीच ही गत, तर प्रकाशकाच्या गोदामावर किती भिस्त ठेवायची.

खेळ सुरू झाला. पहिली पातळी पार केली आणि अडलो. समोर अक्षरं लिहिलेल्या बाटल्या, आणि सूचना: पुस्तिकेच्या अमुक पानावर अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधा, तीच बाटली प्या. नकली प्रत ओळखायची ही त्या काळची युक्ती. म्हणजे फ्लॉपी वाचून भागत नाही, कागदही हवा. गंजलेल्या पिनांची ती पुस्तिका उघडून भाच्याने शब्द शोधला आणि प्रिन्स पुढे सरकला.

पुस्तिका किती वेळा उघडायची? पानं सुटायला लागली आहेत. स्कॅन करावी, पण आधी कायदा विचारून घ्यावा.

२२ जून

मावसबहीण ठाणे कोर्टात वकिली करते. तिला मिसळीच्या बोलीवर रविवारी बोलावलं. मिसळ खाऊन झाल्यावर तिने पिशवीतून १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला, ठिकठिकाणी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेला. आजची नोंद लांबणार.

पहिला मुद्दा मुदतीचा. आपल्याकडे संगणक प्रोग्राम कायद्याने 'साहित्यकृती'त मोडतो, कादंबरीच्याच रांगेत. म्हणून मुदतही तीच: लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. मेकनर हयात आहे, म्हणजे प्रिन्सच्या ६० वर्षांची मोजणी अजून सुरूच झालेली नाही. फ्लॉपी मात्र दहा-वीस वर्षांत राम म्हणते. 'जुना झाला, कुणी विकत नाही, म्हणजे मोकळा' या समजाला कायद्यात कुठेही जागा नाही. ज्याला सगळे 'अबँडनवेअर' म्हणतात ते कायद्याच्या दृष्टीने इतर कुठल्याही खेळाइतकंच मालकीचं.

दुसरा मुद्दा वाचनालयाचा. यात मला सगळ्यात जास्त रस होता, आणि इथेच गंमत आहे.

कलम ५२(१)(ओ): पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती काढता येतात. 'पुस्तक' यात पुस्तिका, नकाशा, तक्ता, आराखडा हे सगळं धरलेलं आहे. म्हणजे प्रिन्सची पुस्तिका बसली. खेळांच्या डब्यातले घडीचे नकाशे बसले. कळफलकाच्या बटणांचे तक्तेही बसले.

कलम ५२(१)(एन), २०१२ च्या दुरुस्तीतलं: ग्रंथालयाला जतनासाठी कुठलीही कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवता येते. हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. ती म्हणाली, "दादा, बस. पुढचं वाक्य ऐक." पुढे अट: ग्रंथालयाकडे त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून हवी.

सीडीची बिगर-डिजिटल प्रत कुठून आणू?

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाळवी लागलेलं पुस्तक होतं, ते स्कॅन व्हावं म्हणून ही तरतूद. जन्मानेच डिजिटल असलेली वस्तूही सडते, हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. परिणाम असा की एकाच डब्यातला कागद आम्ही निर्धास्त जपू शकतो, आणि ज्याच्यासाठी तो कागद छापला त्या सीडीला ग्रंथालय म्हणून वेगळं संरक्षण नाही.

मग सीडीला काय उरतं? साधा मालक म्हणून जे मिळतं ते. कलम ५२(१)(एए) प्रमाणे कायदेशीर प्रत ज्याच्या ताब्यात आहे त्याला हरवणं-खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते, तीही मूळ हेतूने वापरण्यापुरतीच. म्हणून खऱ्या-खोट्याची वर्गवारी आधी केली ते बरं झालं. 'कायदेशीर' हा सगळ्याचा पाया. (एडी) कलमानेही प्रत करता येते, पण ते खाजगी, बिगर-व्यापारी वापरासाठी. वाचनालय ही खाजगी व्यक्ती नव्हे, त्यावर भिस्त नको असं तिचं मत.

घरी नेऊ द्यायचं का? इथे उलट कायदा उदार निघाला. प्रोग्रामच्या प्रती व्यापारी भाड्याने द्यायला मालकाची परवानगी लागते, पण २०१२ पासून 'व्यापारी भाडं' या व्याख्येतून बिगर-नफा ग्रंथालयाने कायदेशीर प्रत देणं वगळलं आहे. म्हणजे मूळ सीडी सभासदाला पुस्तकासारखी घरी देता येईल. देता येईल आणि परत येताना ओरखडे घेऊन येईल. काकूंनी मान हलवूनच नकार दिला.

बहिणीचा सल्ला, तिच्याच शब्दांत: "एक डबा, एक संगणक, एका वेळी एक माणूस. मूळ सीडी कपाटात कुलपात. प्रतिमा फक्त त्या संगणकावर, नेट जोडायचं नाही. आणि दादा, हे सगळं वहीत लिही. उद्या कुणी विचारलं तर तोंडी सांगून भागत नाही."

६ जुलै

सभासदांपैकी एका काकांनी विचारलं, "हे सगळं नेटवर फुकट मिळतं, मग कशाला हा खटाटोप?" मिळतं, खरं आहे. इंटरनेट अर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत डॉसचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले. पण 'कुठेतरी सापडतं' आणि 'मिळतं' यात फरक आहे. सापडलेलं उद्या मालकाच्या एका पत्राने उतरवलं जातं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, त्यात अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात नाहीत असं निघालं. तेच लोक मग ग्रंथालयांना जतन केलेले खेळ अभ्यासकांना दुरून वापरू देता यावेत म्हणून तिथल्या कॉपीराइट कार्यालयाकडे गेले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती मागणी फेटाळली गेली. तिथेही आवाराच्या आतच. म्हणजे पाचपाखाडीतलं आमचं टेबल आणि अमेरिकेतली मोठाली ग्रंथालयं, बंधन एकच.

याच आठवड्यात युरोपातल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेने दहा लाख सह्या ओलांडल्या. त्यांचं भांडण पुढच्या पिढीच्या खेळांचं: कंपनीने सर्व्हर बंद केला की विकत घेतलेला खेळही बंद. युबिसॉफ्टचा द क्रू ३१ मार्च २०२४ ला असाच गेला. आमच्या खोक्यातल्या वस्तू निदान हातात तरी धरता येतात.

१३ जुलै

चालवून पाहण्याचा दिवस.

क्रिकेट ०७ ची खरी सीडी आहे, मूळ डब्यासकट. भाच्याच्या वर्गातल्या पोरांनाही हा खेळ माहीत आहे, आणि ती सगळी पोरं तो बाजारात आल्यानंतर जन्मली आहेत. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचं समालोचन. तो काढणाऱ्या ईए कंपनीने तो पुन्हा कधी विक्रीला आणला नाही. आणायचा म्हटला तरी खेळाडूंची नावं, संघ, स्पर्धा, प्रत्येकाचे करार त्या वेळेपुरते. रोड रॅशचंही तेच: १९९६ च्या विंडोज आवृत्तीत साउंडगार्डनसारख्या बँडांची गाणी आहेत, ती परवान्याने घेतलेली. खेळ पुन्हा विकायचा तर गाण्यांच्या मालकांकडेही पुन्हा जावं लागणार. किती जणांचे हक्क एका तबकडीत कोंबलेले असतात हे डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांवरून कळतं; ती अक्षरं आम्ही आता पूर्ण टंकून घेतोय.

नव्या संगणकावर बऱ्याच खऱ्या सीडी चालतच नाहीत. त्या काळच्या पुष्कळ खेळांना सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. त्याला लागणारी फाइल सुरक्षेला धोकादायक म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून वगळली आणि जुन्या विंडोजमध्येही बंद केली. पैसे मोजून घेतलेली सीडी आत जाते, फिरते, आणि 'मूळ सीडी घाला' असा निरोप येतो. चोरट्या प्रतीत कुलूप आधीच तोडलेलं, त्यामुळे ती बिनबोभाट चालते. प्रामाणिक गिऱ्हाइकाला याहून चांगली थप्पड काय मारणार.

कुलूप तोडावं का? कलम ६५ए सांगतं की हक्कभंगाच्या हेतूने तोडणं गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. आमचा हेतू तो नाही. पण बहिणीने सुचवलेला रस्ता जास्त सोपा आहे: तोडायचंच नाही, देणगीतल्या विंडोज ९८ च्या संगणकावर चालतं तेवढंच चालवायचं. त्याचा परवाना मागे चिकटवलेला आहे. विंडोज ९८ चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ ला संपवला, आणि तेही आता विकत मिळत नाही. खेळ जपायचा तर तो चालवणारं यंत्र जपा, यंत्रावरचं विंडोज जपा, आणि त्या जाड मॉनिटरखाली टेबलही भक्कम शोधा.

ज्यांचे खेळ पुन्हा विक्रीला आलेत ते वेगळे काढले. एज ऑफ एम्पायर्सची नवी आवृत्ती २०१८ पासून आहे. पोलंडच्या लोकांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या जीओजी या विक्रीच्या संकेतस्थळावर डॉसचे कितीतरी खेळ डॉसबॉक्ससकट (नव्या संगणकावर जुनं डॉस चालवणारा प्रोग्राम) विकत मिळतात. अशांना वाचकाने सरळ विकत घ्यावं, आमच्या टेबलाची गरज नाही.

२० जुलै

पाऊस. लाइट गेले. सिलिका जेलच्या पुड्या भरल्या, एवढंच.

३ ऑगस्ट

खोक्याच्या तळाशी एक मराठी सीडी निघाली. अंकलिपीचा खेळ, लहान मुलांसाठी. घोड्यावर बसून 'घ' पकडायचा, विहिरीत 'व' टाकायचा, असला प्रकार. आयएफपीआय क्रमांक आहे, कव्हरवर ₹१९९ ची किंमत आहे आणि कळव्याचा पत्ता आहे. यादीतल्या बाकी सगळ्या वस्तू जगात कुठे ना कुठे कुणीतरी जपल्या असतील. ही मात्र नेटवर शोधूनही दिसत नाही. प्रकल्पाचा जीव इथे आहे असं मला आज वाटलं, आणि काकूंनाही. त्यांनी पहिल्यांदाच खुर्ची ओढून शेजारी बसून पाहिलं.

इन्स्टॉल करतानाच अडकली. खेळ ३२-बिटचा, पण तो बसवणारा प्रोग्राम १६-बिटचा. आजच्या ६४-बिट विंडोजवर तो सुरूच होत नाही. ९८ वर टाकल्यावर 'स्क्रीन २५६ रंगांवर करा' अशी सूचना आली. केली. मग तबला वाजला, आणि एका बाईंचा आवाज आला, अगदी शाळेतल्या बाईंसारखा: "चला मुलांनो, आज आपण कोणाला भेटणार?"

१० ऑगस्ट

पत्त्यावर आता जिना असलेलं ब्यूटी पार्लर आहे. खाली वाण्याने सांगितलं, ते साहेब इथेच मागच्या सोसायटीत राहतात. फोन करून गेलो.

गृहस्थ सत्तरीचे. सीडी हातात घेतली आणि आतल्या खोलीकडे ओरडले, "अगं, हे बघ काय आलंय!" त्यांच्याकडे स्वतःकडे एकही प्रत नव्हती. छापलेला उरलेला माल त्यांनी २००५ च्या २६ जुलैच्या पुरात गमावला. मूळ फायली ज्या हार्ड डिस्कवर होत्या ती तळमजल्यावरच होती. मी प्रतिमा पेनड्राइव्हवर दिली नाही, आधी तुमचे हक्क ठरवू म्हणालो, तर हसायला लागले. "माझीच वस्तू मला द्यायला कागद करताय?" मग स्वतःच गंभीर झाले. म्हणाले, "पण माझी एकट्याची कुठे आहे ती."

त्यांनी सांगितलं ते जसं टिपलं तसं: प्रोग्राम दोन इंजिनिअरिंगच्या मुलांनी संध्याकाळी येऊन लिहिला, पगार नव्हता, कामाचे पैसे दिले. चित्रं कळव्यातल्याच एका पेंटरने काढली, तो गणपतीचे देखावे रंगवायचा. आवाज वहिनींचा, म्हणजे गृहस्थांच्या वहिनींचा. गाणी एका प्राथमिक शाळेच्या बाईंनी रचून दिली. फॉन्ट विकत घेतलेला. कागद? "कसला कागद हो. चहा प्यायचो आणि काम करायचो."

वहिनींना बोलावलं. त्या आता खारेगावात मुलीकडे असतात, योगायोगाने आल्या होत्या. मोबाइलवर काढलेला सीडीचा आवाज ऐकवला. त्या काही वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "'ळ' चुकलाय माझा."

निघताना गृहस्थ म्हणाले, मी माझा हक्क सोडूनच देतो, लोकांनी फुकट घ्यावं. पोह्यांची बशी पुढे सरकवत त्यांनी तो विषय संपवला होता. मला मात्र तो संपलेला दिसत नव्हता.

१७ ऑगस्ट

बहिणीला वरची नोंद वाचून दाखवली. तिने मागच्या पानावर तक्ता केला. त्याचा मजकूर:

गृहस्थ हक्क सोडू शकतात. कलम २१ तसं म्हणतं: लेखकाने कॉपीराइट निबंधकांना विहित नमुन्यात कळवावं किंवा जाहीर सूचना द्यावी. पण सोडता येतो तो स्वतःचा हक्क. नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा मालक कलम १७ प्रमाणे नोकरी देणारा. ही मुलं आणि पेंटर नोकर नव्हते, कामापुरते आलेले. हक्क हस्तांतर लेखी असल्याशिवाय ग्राह्य नाही, कलम १९. म्हणजे प्रोग्राम अजून त्या दोन मुलांचा. चित्रं पैसे देऊन काढून घेतलेली, ती कलम १७ प्रमाणे गृहस्थांचीही ठरू शकतात, पण कागद नाही म्हणून सही पेंटरचीही घ्यायची. ध्वनिमुद्रण केलं-करवलं गृहस्थांनी, म्हणून मुद्रणाचे हक्क त्यांचे, पण कलाकार म्हणून वहिनींचे वेगळे. गाणी बाईंची.

बाई २००९ मध्ये वारल्या, असं गृहस्थ म्हणाले होते. बहिणीने बोटावर हिशोब केला: २०१० पासून ६० वर्षं, २०६९ च्या अखेरपर्यंत. 'घ' च्या घोड्याचं चार ओळींचं गाणं.

भाच्याने विचारलं, चहा पिऊन केलेल्या कामात एवढं, तर मोठ्या कंपन्यांचं काय? तिथे उलट सोपं असतं, कारण सह्या आधी घेतलेल्या असतात. डूमचं उदाहरण त्याला दिलं. १९९३ चा खेळ. आयडी सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरमध्ये इंजिनाचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड खुला केला, १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त वापराच्या परवान्याखाली आणला. पातळ्या, चित्रं, आवाज मात्र दिले नाहीत. ते आजही विकले जातात. काय द्यायचं आणि काय राखायचं हे वेगळं काढता आलं, कारण मालक एक होता आणि काय कुणाचं हे ठाऊक होतं. आमच्या अंकलिपीत पाच-सहा मालक, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण मालक आहोत हेच ठाऊक नाही.

सापडला नाही तो मालक असेल तर? कलम ३१ए आहे: लेखक मृत, अज्ञात किंवा सापडत नसेल तर सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी आपला प्रस्ताव देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात छापावा लागतो. मराठी अंकलिपीच्या खेळासाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात. पूर्वी हे अर्ज ज्या मंडळाकडे जायचे ते २०२१ मध्ये बरखास्त झालं, आता न्यायालयाची पायरी.

बहिणीने एकच परवाना-पत्र मराठीत लिहून दिलं, प्रत्येकाला वेगळं सही करायला: कोणतं काम, कुठे, किती वर्षं, मोबदला नाही. मुदत लिहायचीच, असं तिने दोनदा बजावलं, कारण लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

३१ ऑगस्ट

गणपतीत काम बंद असं ठरलं होतं, पण पेंटर सापडला गणपतीमुळेच. कळव्यातल्या एका मंडळाच्या देखाव्यावर खाली कोपऱ्यात सही दिसली. माणूस मंडपातच होता. चित्रं आठवत होती, पैसे किती मिळाले तेही आठवत होतं. सही केली. वर विचारलं, विहिरीचं चित्र त्याला मोठं छापून मिळेल का. मिळेल.

शाळेच्या बाईंचा मुलगा डोंबिवलीला. सही लगेच, पण वारस म्हणून त्याच्या बहिणीचीही हवी, ती पुण्याला. पत्र टपालाने.

२१ सप्टेंबर

कार्यकारी मंडळाची बैठक. प्रोग्राम लिहिणाऱ्या दोघांपैकी एक घणसोलीत सापडला, त्याने फोनवर होकार आणि दुसऱ्या दिवशी सही दिली. दुसरा कॅनडात, इमेलला उत्तर नाही. संयुक्त लेखकांपैकी एकाची सही अपुरी. जाहिरातीचा दर काढून खजिनदारांपुढे ठेवला, त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

एका सदस्यांचं म्हणणं, एवढं ताणायचं कशाला, टाकून द्या नेटवर, कोण विचारतंय. दुसऱ्यांचं, मग सगळंच बंद ठेवा, नसती झंझट. या दोन टोकांत काकू बोलल्या. वाचनालयात दुर्मीळ पोथ्या आहेत, त्या आपण झेरॉक्स करून वाटतही नाही आणि कपाटात कुजवतही नाही. समोर बसवून दाखवतो. हेही तसंच करा. ठराव मंजूर.

फॉन्टचा मुद्दा मी काढला नाही. सीडी आहे तशी चालवायची तर तो वेगळा काढावा लागत नाही; पुढे कधी युनिकोडमध्ये नवी आवृत्ती केली तर बघू.

१२ ऑक्टोबर

टेबल सुरू झालं. रविवारी सकाळी दहा ते एक, एका वेळी एक वाचक, लहान मूल असेल तर सोबत एक मोठा. नियमांचा कागद भिंतीवर: मूळ डबे पाहायला मिळतील पण घरी नाहीत, प्रतिमांची नक्कल कुणालाही मिळणार नाही, जे खेळ आज विकत मिळतात त्यांची नावं आणि कुठे मिळतात ते शेवटच्या ओळीत. पुस्तिकांच्या तीन प्रती काढून झाल्या, त्यांतली एक टेबलावर दोऱ्याने बांधलेली. प्रिन्स खेळणारा प्रत्येक जण बाटल्यांपाशी थांबून ती उघडतो.

दाखलनोंद वहीत अखेर असं ठरलं: डबा हा एक दाखल क्रमांक, आणि त्याखाली अ, ब, क करून पुस्तिका, तबकडी, नकाशा. शेरा या रकान्यात 'प्रत करण्यास मुभा: अ, क. ब नाही.' काकूंनी हे पेनने लिहिलं. पेन्सिलीने लिहा, कायदा बदलेल, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, बदलला की खोडू.

अंकलिपी सध्या फक्त इथेच, याच संगणकावर. कळव्याचे गृहस्थ नातीला घेऊन आले होते. नातीला माउस धरता येत नव्हता, ती स्क्रीनवर बोट लावत होती. पुण्याची सही आली आहे. कॅनडाच्या पत्त्यावर आज रजिस्टर्ड पत्र पाठवलं, पोचपावती फाइलला लावायची आहे.